भुताच्या वाट्याचं घावन

आमच्या हिच्या मामांइतका भुतांना ताटकळत ठेवणारा लेखक अख्ख्या रत्नागिरी जिल्ह्यात सापडायचा नाही. एसटीतून निवृत्त झाल्यापासून ते संगमेश्वरात बसून भयकथा लिहितात, आणि त्या टाइप करायचं मी कधीतरी कबूल करून बसलो. नायकाची मूळव्याध, मुंबईच्या भावाशी अबोला, हद्दीवरच्या माडाचा तंटा, हे सगळं यथासांग उरकेपर्यंत कागद संपत येतात. भूत बिचारं कसंबसं उंबऱ्याशी पोचतं आणि कथा आटोपते.

त्यात त्यांची पद्धत अशी की, पात्र काय खातं हे कळल्याशिवाय ते मारायचं नाही. आणि ते कळायला मामा स्वतः खाऊन बघणार, तेही आमच्याकडे येऊन. चकव्यात सापडणाऱ्या तलाठ्यासाठी हिने कुळथाचं पिठलं केलं. विहिरीत ओढल्या जाणाऱ्या मास्तरांसाठी फणसाची भाजी केली, तर ती खाऊन मामांनी मास्तरांना सुखरूप घरी पाठवलं. मी वैतागून म्हटलं, "अहो, मारा ना त्यांना एकदाचं."

"मेल्या, आताच त्याच्या आवडीची भाजी जेवलास ना? आणि लगेच मारू?"

यंदा खेडच्या एका दिवाळी अंकाच्या संपादकांनी कळवलं की माणसं झकास आहेत, पण भीती वाटत नाही. भूत दिसलं तरच छापू. मामा धास्तावले. त्यांचं नाव छापलेलं बघायची मामींना फार हौस होती. ते बघायचं राहून मामी गेल्या.

मग एका सकाळी येऊन त्यांनी हिला घावनं घालायला सांगितली. भुताला कसं आवडतं, मी विचारलं. "कडेनं करपलेलं," मामा म्हणाले. ही तव्यापाशी थबकली. सगळ्यांना जाळीदार वाढून करपलेलं घावन मामी स्वतःला घ्यायच्या, मला असंच आवडतं म्हणायच्या. हिने एक मुद्दाम करपवलं. मामांनी घास घेतला आणि बराच वेळ चावत राहिले.

"कडू लागतंय गो हे," ते म्हणाले.

कथा आली. नायकाची मेलेली बायको रोज तिन्हीसांजेला येते, करपलेलं घावन खाते, आणि हा घाबरायचं सोडून तिच्याशी गप्पा मारतो. मी कपाळाला हात लावला. शेवटी एकदा तो तिला चांगलं घावन वाढतो, करपलेलं आपण घेतो. ती पोटभर जेवते आणि पुन्हा कधीच येत नाही.

"आता वाटते का रे भीती?" मामांनी विचारलं. मी शेवटचं पान टाइप करायला घेतलं.

कथा छापून आली. अंक घेऊन मामा आले तेव्हा हिने पुन्हा घावनं घातली. हिच्या पानात करपलेलं दिसलं, म्हणून मी ते उचलायला गेलो.

"राहू दे हो," ही म्हणाली, "मला असंच आवडतं."

मामांनी माझ्याकडे पाहिलं. मला खरोखरच भीती वाटली.