दोरीवर वाळणाऱ्या फ्लॉप्या

पोलिसाच्या नोकरीतले दरोडे आणि मारामाऱ्या आता एकमेकांत मिसळून गेल्या आहेत. परळच्या एका खोलीत दोरीवर वाळत घातलेल्या फ्लॉप्या मात्र मला अजून लख्ख दिसतात. त्या दिवसाएवढा गोंधळ माझ्या डोक्यात पुन्हा कधी झाला नाही.

निवृत्ती तोंडावर आली होती. लालबागच्या चाळीत राहणारी एक म्हातारी बाई अर्ज घेऊन ठाण्यात आली. तिचा तरुण मुलगा फार वर्षांपूर्वी तापाने गेला होता. तो कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवायचा. आईला रांगोळीचा नाद, म्हणून त्याने स्क्रीनवर रांगोळी काढणारा एक प्रोग्रॅम तिच्यासाठी बनवला होता. त्याची फ्लॉपी आणि मुलाचा जुना कॉम्प्युटर तिने परळच्या एका गृहस्थाकडे दिला. हे गृहस्थ जुने कॉम्प्युटर पुन्हा चालू करायचे, फ्लॉप्यांवरचं सगळं उतरवून जपून ठेवायचे. आता ते ना वस्तू परत देत होते, ना फोन उचलत होते.

"साहेब, माझ्या झिलाची तेवढीच वस्तू उरली हा. ती माका होई," ती म्हणाली.

स्टेशन डायरीला नोंद करून मी एका खबऱ्याला कामाला लावलं. तो लगेच बातमी घेऊन आला.

"साहेब, मॅटर गडबड आहे. तो माणूस फ्लॉप्या कापून आतल्या काळ्या चकत्या काढतो, साबणाने धुतो नि दोरीवर सुकवतो. पुरावा धुतोय वाटतं."

पुरावा धुण्याची ही तऱ्हा मला नवीन होती. हवालदाराला घेऊन मी तिथे गेलो. खोलीभर जुने कॉम्प्युटर, आणि दोरीवर चिमट्यांना लटकलेल्या चकत्या. साठी उलटलेले, निवृत्त इंजिनीअर असलेले ते गृहस्थ शांतपणे "बसा" म्हणाले.

"बाईंची फ्लॉपी तुमच्याकडे आहे?"

"आहे."

"मग देत का नाही?"

"नाही देता येत. कारण विचारू नका. हवं तर गुन्हा दाखल करा."

चोर नेहमी शपथा घेतो. हा माणूस गुन्हा मागून घेत होता. मी दटावलं, समजावलं, ठाण्यात नेण्याची भीती घातली. ते ढिम्म.

तेवढ्यात हवालदाराने कोपऱ्यातला टब पुढे ओढला. पाणी लालसर होतं आणि तळाशी पिवळा गाळ बसला होता. क्षणभर मला ते रक्तच वाटलं. मग मला आमचं ठाणं आठवलं. दसऱ्याला आम्ही शस्त्रपूजा करतो आणि रायफलींबरोबर कॉम्प्युटरलाही हळद-कुंकू वाहतो. मग आठवडाभर की-बोर्डची बटणं अडकतात आणि हवालदार काडीने कुंकू उकरत बसतो.

"बाई फ्लॉपीची पूजा करायच्या?" मी विचारलं.

गृहस्थांनी चष्मा काढला. "या जुन्या फ्लॉपीला एक फट असते, तिथे आतली चकती उघडीच राहते. मुलगा गेल्यापासून दर दसऱ्याला त्या नेमकं तिथेच हळद-कुंकवाचं बोट टेकवत आल्या. हे त्या माउलीला मी कोणत्या तोंडाने सांगू? त्यापेक्षा चोर म्हटलेलं परवडलं. दोरीवर आहेत त्या धुण्याच्या सरावाच्या. हात बसल्यावर त्यांची धुतली. पण थोडीच वाचली आहे."

मला त्या माणसाचा राग यावा की कौतुक वाटावं, ते कळेना. मी बाईंना बोलावून घेतलं आणि दमट हवेने फ्लॉपी खराब झाल्याचं बेधडक सांगून टाकलं. गृहस्थांनी कॉम्प्युटर चालू केला. काळ्या पडद्यावर हिरवे ठिपके उमटले, रेघा जुळू लागल्या आणि अर्धी रांगोळी होऊन सगळं थांबलं. आम्ही दोघं मान खाली घालून उभे राहिलो.

"अर्ध्यावर टाकून उठायची सवयच होती त्याका," म्हातारी म्हणाली आणि हसता हसता तिने डोळे पुसले.

गप्प बसलेला माणूस काहीतरी लपवतोय, हे ओळखण्यात माझी नोकरी गेली. तो कुणासाठी लपवतोय, हे विचारायला मी त्या प्रकरणात शिकलो.

तक्रार नसल्याचा जबाब हवालदाराने वाचून दाखवला. त्यात दमट हवेचं कारण होतं. बाईने सही केली, फ्लॉपी पदरात गुंडाळली आणि दारापर्यंत जाऊन मागे वळली.

"साहेब, आता दसऱ्याक हिका कुंकू लावूचा नाय ना?"

मी सही केलेला जबाब पुन्हा तिच्यापुढे धरला. दमट हवेचं कारण तिने तसंच राहू दिलं.