शेळी खड्ड्यातून कशी निघाली?

दुर्गहून कारखान्याच्या बांधकामावर आम्ही ट्रकने जायचो. त्यात भंडाऱ्याकडचा एकजण होता, क्रेनला साखळ्या बांधणारा. नाव मी कधी विचारलं नाही. जाडजूड बोटांनी तो रद्दी स्लिपांच्या गठ्ठ्यावर पेन्सिलीने शेळी काढायचा. अंगठ्याने कागद भरभर सोडले की ती चालायची, उड्या मारायची. हे सगळं गावी राहिलेल्या पोरीसाठी. दर सोमवारी नवा गठ्ठा पोस्टात टाकायच्या आधी आम्हाला दाखवायचा, तोही उपकार केल्यासारखा, मिशीवरून हात फिरवत.

एका सोमवारी शेळी पायासाठी खणलेल्या खड्ड्यात पडली. पुढच्या सोमवारी बघतो तर बाहेर, मजेत पाला खातेय! ट्रकमध्ये भांडण जुंपलं. वेल्डर म्हणे, क्रेनने काढली. मी म्हणालो, माती ढासळली, तीच चढून आली.

"कावून भांडून राहिले बावा? पोरीनं चिठ्ठीत लिवलं, बाहेर काढा. काढली."

हे कुणालाच पटलं नाही. एवढा कारखाना उभा राहत होता, पण आमचा जीव त्या शेळीत.

मग एकदा तो रिकाम्या हाताने ट्रकमध्ये चढला. "आता कोनाले धाडू? क्वार्टर भेटलं. पोरगी इथंच आली."

आम्ही खूश झालो. वेल्डर मात्र अडून बसला. "पण शेळी निघाली कशी?"

"मले काय माहीत? तिलेच विचारा. रविवारी या."

रविवारी आम्ही नऊ बाप्ये त्याच्या ओट्यावर मांडी घालून बसलो. पोरीने आधी सगळ्यांना गप्प केलं.