मुश्यूंची सिद्धता

मुश्यू स्वतःच्याच खोलीत शिरण्याआधी दार वाजवत. आत दुसरं कुणी नसे. कुलूप स्वतःच काढायचं, कडी सरकवायची, मग दोन बोटांनी हलकेच टकटक करून क्षणभर थांबायचं आणि आत जायचं. धारवाडात माळमड्डीला आमच्या घराच्या पुढच्या दोन खोल्या त्यांनी भाड्यानं घेतल्या, त्या पहिल्याच आठवड्यात आईनं हे पाहिलं आणि अण्णांना हळूच म्हणाली, "अहो, माणूस ठीक आहे ना?"

अण्णा, म्हणजे माझे वडील, वकील. त्यांनी सरळ विचारून टाकलं. मुश्यू कानापर्यंत लाल झाले. लहानपणी फ्रान्समधल्या लिऑं शहरात त्यांची विधवा आई एका खोलीत बायकांचे कपडे शिवायची. माप द्यायला कुणी ना कुणी आलेलं असायचं, म्हणून शाळेतून आल्यावर दार वाजवल्याशिवाय आत जायचं नाही, अशी ताकीद होती. "आई जाऊन बरीच वर्षं झाली," ते म्हणाले, "पण हाताला अजून ते कळलेलं नाही."

त्यांच्या खऱ्या आडनावाला गल्लीत कुणाचीच जीभ वळेना. आपण 'राव' म्हणतो तसा फ्रेंच लोकांचा एक शब्द त्यांनी सांगितला, त्याचं आमच्या गल्लीनं 'मुश्यू' करून टाकलं. विद्यापीठातही तेच झालं. राज्यपुनर्रचनेनंतरची ती वर्षं. माझे काका कोल्हापूरला निघून गेले होते, शेजारची दोन मराठी घरं पुण्याला. अण्णा म्हणायचे, "आम्ही जागचे हललो नाही, राज्यच हललं." अशा दिवसांत हा गोरा, उंच, किंचित वाकलेला माणूस कुठूनसा आला, विद्यापीठात एका वर्षासाठी गणित शिकवायला म्हणून, आणि राहूनच गेला.

त्यांचा विषय समूह-सिद्धान्त. आईनं एकदा माझ्याकरवी ते काय असतं म्हणून विचारलं, तेव्हा त्यांनी अंगणातली एक चौकोनी फरशी उचलून काटकोनात फिरवली आणि परत तिच्या जागी बसवली. "फरशी फिरली, पण दिसते तशीच. अशी जेवढी फिरवणी असतील ती सगळी मिळून एक कुटुंब. त्या कुटुंबाचे कायदे मी शोधतो." आई म्हणाली, "आणि स्वतःचं कुटुंब?" मी घाईघाईनं आईचं बोलणं गिळून टाकलं, इंग्रजी केलंच नाही. पण त्यांना ते कळलं असावं. ते फरशीवरची माती पुसत राहिले.

मी त्यांची पहिली संशोधक विद्यार्थिनी. त्यांची हकिगत मला तुकड्यातुकड्यांनी कळली. शिष्यवृत्तीवर पॅरिसला गेलेला शिंपिणीचा मुलगा. ऐन विशीत एक सुंदर प्रमेय सिद्ध केलं, थोरामोठ्यांनी पाठ थोपटली. मग गणिताचा वारा फिरला. ज्याला त्याला दुसरेच विषय मोलाचे वाटू लागले आणि मुश्यू आपल्या समूहांपाशी एकटेच उरले. एका लहान गावच्या कॉलेजात शिकवू लागले. लग्न ठरलं होतं, ते मोडलं. "ती म्हणाली, तू समोर बसलेला असतोस तेव्हाही बाहेर गेलेला असतोस. बरोबरच म्हणाली."

रविवार त्यांना जड जाई. विद्यापीठ बंद, वाचनालय बंद. सकाळपासून व्हरांड्यात बसून राहत. दुपारी आई चुरमुऱ्यांच्या गिरमिटाची बशी पाठवी. ते उठून उभे राहून ती घेत आणि मान लववत. त्यांच्या कामातले दोन शब्द ज्याच्याशी बोलावेत असं माणूस जवळपास नव्हतंच. बोटीनं येणारी नियतकालिकं महिनोन्‌महिने उशिरानं पोचायची. एकदा मला म्हणाले, "मी जे लिहितो ते कुणी वाचतं की नाही, ठाऊक नाही. लोक शेवटचं वाक्य पाहतात आणि विश्वास ठेवतात. विश्वास म्हणजे वाचणं नव्हे."

त्या काळात ते एका मोठ्या प्रमेयाच्या मागे होते. कित्येक वर्षांच्या कामानंतर सिद्धता पूर्ण झाली. शंभरावर पानांचं ते बाड पॅरिसला गेलं, आणि तिकडून कळलं की त्यांच्या जुन्या गुरूंची जागा रिकामी होते आहे. लेख छापून आला की ती मुश्यूंचीच. आईनं सांजा केला. मुश्यू त्या दिवशी शीळ घालत होते.

त्यांच्याकडची प्रत मी शिकण्यासाठी म्हणून मागून घेतली होती. ओळ न्‌ ओळ वहीत सोडवत गेले. मधल्या एका प्रकरणात अडले. दोन उपसमूहांमध्ये एका घटकाशिवाय सामाईक काही नाही, असं ते धरून चालले होते. बहुतेक ठिकाणी ते खरं होतं. एका ठिकाणी नव्हतं. मी पुन्हा पुन्हा करून पाहिलं. माझीच चूक निघावी म्हणून देव पाण्यात घालून बसले. निघाली नाही.

अण्णांना सांगितलं. "काय म्हणायलीस तू!" ते म्हणाले. "सांगितलंस तर त्यांची जागा जाईल?"

"जाईल."

"आणि नाही सांगितलंस तर?"

मी वही मिटली. अण्णा म्हणाले, "मग ऊठ. सांगून ये."

मुश्यू व्हरांड्यात होते. मी ते पान पुढं ठेवलं आणि अडलेली जागा दाखवली. त्यांनी पान वाचलं. आत जाऊन फळ्यावर काहीतरी लिहिलं, पुसलं, पुन्हा लिहिलं. मग बाहेर येऊन खुर्चीत बसले. चेहरा पांढराफटक पडला होता.

"या पानापर्यंत तू कशी आलीस?"

"पहिल्यापासून वाचत आले."

"सगळं?"

"हो. सगळं."

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मला रडूच कोसळलं. ते मात्र रडले नाहीत. आईला हाक मारून त्यांनी कॉफी मागितली. इतक्या वर्षांत आमच्या घरात आपणहून मागितलेली ती पहिली गोष्ट. "दोन कप," म्हणाले. "आज माझ्याकडे पाहुणी आहे."

कॉफी झाल्यावर उठले, कोट घातला आणि लेख मागं घेतो अशी पॅरिसला तार करायला निघाले. मी म्हटलं, "थांबा ना, कदाचित दुरुस्त होईल. लेख छापून येईपर्यंत वेळ आहे."

"दुरुस्त झाली तर पुन्हा पाठवू. आज ती चूक आहे, आणि आज मला ते माहीत आहे."

जागा दुसऱ्या कुणाला मिळाली. चूक दुरुस्त झाली नाही. त्या एका अडलेल्या जागेतून माझा प्रबंध उभा राहिला, पण मूळ प्रमेय हाती लागलं नाही. काही वर्षांनी बोटीनं आलेल्या अंकात ते आम्हाला दिसलं: लांबच्या देशातल्या दोन तरुणांनी वेगळ्याच वाटेनं जाऊन ते सिद्ध केलं होतं. मी मुश्यूंच्या तोंडाकडे पाहायला धजेना. ते वाचनालयात उभ्याउभ्या वाचत होते. वाचून झाल्यावर म्हणाले, "म्हणजे खरं होतं तर." पुढचा महिनाभर त्यांनी आम्हाला ती परक्यांची सिद्धता शिकवली, इतक्या प्रेमानं, की नव्या मुलांना वाटलं ती त्यांचीच आहे.

निवृत्तीनंतर डोळे अधू झाले. दूरच्या भाच्यानं लिऑंमध्ये एका वृद्धाश्रमात सोय केली. त्यांना पोचवायला आम्ही हुबळी स्टेशनवर गेलो. गाडी सुटेपर्यंत ते आईचा हात धरून उभे होते.

पुढं एका परिषदेसाठी मला फ्रान्सला जायला मिळालं, तेव्हा मी लिऑंला गेले. परिचारिकेनं आधीच बजावलं: त्यांचं इंग्रजी गेलं, फ्रेंचही पुष्कळसं गेलं; कधीकधी काहीबाही बरळतात, मनावर घेऊ नका. खिडकीशी ते बसले होते, फार लहान झालेले. त्यांनी मला ओळखलं नाही. पण माझ्याकडे वळून अगदी स्पष्ट विचारलं, "ऊट आत्येन्‌री?"

जेवण झालं का? बाजारात, बसमध्ये, विद्यापीठाच्या पायऱ्यांवर वर्षानुवर्षं ऐकलेलं आमचं कन्नड. बाकी सगळं ओघळून गेलं होतं, हे तेवढं राहिलं होतं.

"आत्‌री, मुश्यू," मी म्हटलं. "निम्दु?" झालं, तुमचं?

"आतु, आतु." त्यांचा चेहरा सैल झाला. "कूडरी." बसा.

परिचारिका दारातच थबकली होती. "हे तर ते मला रोज म्हणतात! काय विचारतात?" मी सांगितलं. तिनं तोंडावर हात ठेवला. "मला वाटायचं, खिडकी बंद कर म्हणतायत. मी रोज उठून खिडकी लावते."

मी तिला उत्तर शिकवलं. 'री' म्हणताना तिची जीभ घशात अडकायची, पण तिनं चिकाटी सोडली नाही. दुसऱ्या दिवशी निरोप घेऊन मी निघाले. व्हरांड्याच्या टोकाशी पोचले तेव्हा मागून मुश्यूंचा प्रश्न ऐकू आला, आणि लगोलग, सावकाश, अक्षर न्‌ अक्षर जपून दिलेलं तिचं उत्तर.