लांब रंध्याचं भांडण

"पुरावा?" असं म्हणून काका चष्मा नाकाच्या शेंड्यावर ओढायचे. चहा गार झालाय म्हटलं तरी त्यांना पुरावा लागे. सगळा जन्म बोटींच्या इंजिनरूममध्ये काढून ते सिंगापुरात, क्लेमेंटी भागात, आमच्या शेजारच्या फ्लॅटमध्ये राहत होते. असा शेजारी तुम्हालाही लाभला असेल. नसेल, तर सुखी आहात.

त्यांचं खरं भांडण मात्र स्पेनमधल्या एका म्हाताऱ्याशी होतं. तो गॅलिसियाचा, एकेकाळी काकांच्याच बोटीवर सुतार. आम्ही त्यांना सुतारबुवा म्हणायचो. सुताराच्या लांब रंध्याला तिकडे गार्लोपा म्हणतात, आणि हा शब्द मूळचा आमच्या गॅलिसियाचाच, असा सुतारबुवांचा हट्ट. दर रविवारी संध्याकाळी व्हिडिओ कॉल लागे आणि भिंतीपलीकडून काकांचं बोटीवरचं इंग्रजी ऐकू येई. मराठीत सांगायचं तर असं:

"अरे, शब्द डच आहे! पुढे पळणारा, असा अर्थ. हॉलंडातून फ्रान्स, तिथून स्पेन, मग तुझं गाव. आमचा रंधासुद्धा फारसीतून आलाय. आम्ही रडतो का?"

"नोसा!" म्हणजे 'आमचाच'. सुतारबुवा टेबलावर मूठ आपटत.

पुढे सुतारबुवांना विसरायला होऊ लागलं. मुलीचं नावही आठवेना. मला राहवलं नाही. म्हटलं, "काका, जिंकू द्या की त्यांना आता."

काकांनी माझं ऐकलं, इथेच चुकलं. त्या रविवारी मला शेजारी बसवून, कोशांतून उतरवलेले कागद उलटे ठेवून ते म्हणाले, "बरं बाबा, शब्द तुमचा." सुतारबुवा नुसते हसले. पुढचे दोन रविवार ते पडद्यासमोर गप्प बसून होते. त्यांची मुलगी म्हणाली, घरातही आता बोलत नाहीत. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तिसऱ्या रविवारी काका खुर्चीतून उठलेच. "मी खोटं बोललो! डच आहे, डच!"

पडद्यापलीकडे मूठ आपटली.

"बघ, शिव्या देतोय मला," काका डोळे पुसत म्हणाले. इतके आनंदात मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

गेल्या वर्षी काका गेले. महिन्याभरात सुतारबुवांच्या मुलीचा मला फोन आला. रविवार झाला की बाबा आपणहून फोनसमोर येऊन बसतात, म्हणाली. म्हणून हल्ली कॉल मी लावते. घसा खरवडून "डच!" ओरडते. सुतारबुवा मूठ आपटतात, "नोसा!" म्हणतात, आणि मग माझ्यामागे खोलीत कोणी येतंय का, ते बघत राहतात.