पोरीच्या कागदातली दोन वर्षं

माझी बायको कॅन्सरनं मेली. हे पहिल्याच ओळीत लिहून टाकतो, कारण पुढचं सगळं रामायण हे एक वाक्य लपवण्यापायी घडलं.

दोन वर्षं ती खाटेवर होती. औषधांनी तिच्या जिभेची चवच गेली. काहीही खाऊ घातलं की म्हणायची, "अळणी आहे वं, मीठ घाल." पोरगी घालायची. पुन्हा म्हणायची, पुन्हा घालायची. बायको गेली तरी पोरीच्या हाताला तीच सवय राहिली. वरण खारट, भाजी खारट. मी मुकाट्यानं खायचो. ती पण खायची. दोघांपैकी कोणीच बोलत नव्हतं.

पोरगी नागपूरला एका ऑफिसात कामाला होती. आईचं दुखणं कळलं तशी नोकरी सोडून गावी आली. आर्णीपासून आत आमचं गाव, घरची कपाशी आणि तूर. ती वर्षं बोंडअळीची होती. बोंड वरून हिरवंगार, फोडलं की आत गुलाबी अळी आणि कापसाची सडकी, चिकट फाक. तिला आम्ही कवडी म्हणतो. पऱ्हाटी, म्हणजे कपाशीचं झाड, पुरुषभर वाढायची अन् घरात यायची कवडी. माझे दिवस काय, गेलेच होते. पण पोरीनं कशाच्या भरवशावर राहायचं, हा प्रश्न होता.

आई गेल्यावर तिनं ते काम शोधलं. व्हर्च्युअल असिस्टंट म्हणतात त्याला. मला बोलता येत नव्हतं, मी 'ते दूरचं काम' म्हणायचो. माणूस पुण्यात नाहीतर मुंबईत बसतो, पोरगी इथं खिडकीजवळ लॅपटॉप घेऊन बसते. खिडकीजवळ काहून, तर रेंज तिथंच येते. त्या माणसाचे मेल वाचायचे, कोणाला कधी भेटायचं ते ठरवायचं, तिकिटं काढायची, विसरलेलं ध्यानात आणून द्यायचं. मालक एक नाही. आपला आपला धंदा. गिऱ्हाईक आपणच धरायचं.

आणि गिऱ्हाईक कसं धरायचं, यावरून माझ्या घरात भांडण पेटलं.

माझा साळा, म्हणजे पोरीचा मामा, यवतमाळच्या सरकारी ऑफिसातून रिटायर झालेला. सारा जन्म कागदात गेला त्याचा. तो म्हणे, "आधी फर्स्ट क्लास रेझ्युमे बनव. कागद नाही तं माणूस नाही."

पोरगी म्हणे, "मामा, मी नोकरी मागून नाही राह्यली. धंदा करून राह्यली. शिंपी गिऱ्हाईकाले शाळेचा दाखला दाखवते का? शिवलेलं पोलकं दाखवते."

"पोलकं अंगात घालून पाहता येते. तुह्या कामाले बाह्या आहेत का?"

"आईनं कधी वेचणीच्या बाईले विचारलं का, आधी कोणाच्या वावरात होती म्हणून?"

हे खरं होतं. झरी जामणीकडून बाया यायच्या वेचायला. त्यांना कामावर ठेवायचं काम माझं नव्हतं, बायकोचं होतं. नवीन बाई आली की बायको तिला एक पात द्यायची, म्हणजे वेचायला चार ओळी. बाई वेचून आली की तिच्या कमरेच्या ओटीत बायको कोपरापर्यंत हात घालायची आणि तळातला कापूस वर काढायची. "वरून साऱ्यायचाच कापूस पांढरा असते," म्हणायची. तळाशी पालापाचोळा, कवडी निघाली की बाईला रामराम. चांगला निघाला की हंगामभर काम. नाव-गाव मागून विचारायची.

साळा म्हणाला, "अवं, ती ओटी समोर दिसे. पुण्याच्या बाईले तुही ओटी कशी दिसंन? तिले कागदच दिसते."

हेही मला खोटं वाटलं नाही. मी सातवी शिकलेला माणूस. दोघं बोलले की दोघांचंही पटायचं.

ही पुण्याची बाई म्हणजे पोरीचं पहिलं गिऱ्हाईक होऊ पाहत होती. लोकांच्या सहली ठरवायचा धंदा होता तिचा. फोनवर दोनतीनदा बोलणं झालं होतं, गोष्ट जमत आली होती. तिनं रेझ्युमे मागितला, आणि ओळखीच्या एखाद्या माणसाचा नंबर मागितला. पोरीनं लिहून काढलं. शिक्षण लिहिलं, नागपूरची नोकरी लिहिली. पुढं दोन वर्षं कोरी.

साळा ते घेऊन यवतमाळला गेला, "इंग्रजी तपासून आणतो" म्हणून. आणलं तेव्हा कोरी जागा भरलेली होती. त्याचा एक दोस्त आर्णीला बी-बियाणांचं दुकान चालवतो. त्या दुकानात पोरीनं दोन वर्षं ऑफिस सांभाळलं, असं छापून आणलं होतं. खाली चौकशीसाठी त्याच दोस्ताचा नंबर.

पोरगी म्हणाली, "मामा, हे खोटं आहे."

"खोटं नाही बाई, जमवाजमव आहे. मधात खड्डा दिसला की लोक पाय टाकत नाहीत."

"मग आई लिहू नं. आईचं करत होती म्हणून."

"येडी का तू? कॅन्सर कागदावर लिहितेत का कुठं?"

त्याच्या बोलण्यामागं दुसराही कागद होता. उमरखेडचं एक स्थळ त्यानं आणलं होतं. बिजवर, दोन लेकरांचा बाप, पोरीहून पुष्कळ मोठा. लग्नाचा बायोडाटाही साळ्यानंच बनवला होता. त्यात आई 'अचानक हृदयविकारानं' गेली होती. आमच्याकडं हीच रीत. घरात असा रोग झाला की पोरीच्या लग्नापायी तो जिभेवर आणत नाहीत. त्याच्या मनात दोन्ही कागद एकच होते. पोरगी खपवायची, मग दिल्या घरी खपो की पुण्याच्या बाईकडं.

पोरीला उमरखेडला जायचं नव्हतं. मला एकदाच म्हणाली होती, चुलीकडं तोंड करून, "बाबा, मले आता कोणाच्या लेकराचं गू-मूत काढायचं नाही. खूप काढलं." काम मिळालं तर नाही म्हणायला तोंड राहील, नाहीतर दिवाळीनंतर ते लोक पाहायला येणार, हे ठरलेलं. म्हणून तिनं तो भरलेला कागद पाठवला. थकली होती. मीही अडवलं नाही.

दोनचार दिवसांनी तो आर्णीचा दोस्त फटफटीवर आमच्या दारात. उतरायच्या आधीच ओरडला, "भाऊ, पेढे काढा! चौकशी आलती!"

मी बाज पुढं केली. पोरगी चहा घेऊन बाहेर आली.

"कोणाची चौकशी?" मी विचारलं.

"उमरखेडवाल्यायची नं! बाई बोलली फोनवर. पोराची बहीण असंन, पुण्याकडं दिलेली. लय शुद्ध बोलत होती. म्हणे, ही मुलगी तुम्हाला कशी माहीत? मी म्हटलं, बाईसाहेब, डोळे मिटून करा. असं वळण शोधून सापडणार नाही. म्हणे, कामाला कशी आहे? मी म्हटलं, सैपाक म्हणा, झाडलोट म्हणा, एक नंबर."

पोरीच्या हातात चहा तसाच.

"मग म्हणे, दोन वर्षं तुमच्याकडे काम केलं ना? आता मले वाटलं, हे लोक नोकरीवाली पोरगी नको म्हणणारे दिसतात, परीक्षा पाहून राह्यले. मी म्हटलं, छट्! कशाचं काम? पोरगी कधी घराबाहेर पडली नाही. माह्या दुकानाची पायरी चढली नाही कधी."

मी म्हटलं, "आणखी काय सांगतलं?"

"म्हणे, घरात आजारपण वगैरे होतं का? मी काय इतका भोळा आहे का? म्हटलं, काहीच नाही. आई ठणठणीत होती. एका झटक्यात गेली. कोणाले करायचं कामच पडलं नाही."

तो हसत चहाला हात पुढं करत होता. पोरीनं कप बाजेवर ठेवला आणि आत गेली. तो मला म्हणाला, "लाजली वाटते."

मी त्याला शिव्या दिल्या नाहीत. त्यानं शब्द पाळला होता. साळ्यानं त्याला दोन गोष्टी दोन वेळा सांगून ठेवल्या होत्या, एक लग्नाची, एक नोकरीची. बिचाऱ्यानं जिची आपल्याला सवय, ती सांगितली. आमच्याकडं पोरीबद्दल बाहेरचा माणूस दुसरं विचारतोच काय?

पुण्याच्या बाईचा निरोप संध्याकाळी आला. दोन ओळी. आम्ही दुसऱ्या कोणाला घेतलं आहे, शुभेच्छा. पोरीनं तो मला वाचून दाखवला आणि तांदूळ निवडायला बसली.

मला झोंबलं ते काम गेलं म्हणून नाही. 'कोणाले करायचं कामच पडलं नाही.' हे वाक्य माझ्या छातीत बसलं. रात्ररात्र माझी बायको कण्हत होती. पोरगी तिची पाठ धुवायची, तिला कुशीवर वळवायची. नागपूरच्या मोठ्या दवाखान्याची तारीख, बसचा टाइम, कोणती गोळी उपाशीपोटी, कोणता रिपोर्ट कोणत्या डॉक्टरला, सगळं तिच्या डोक्यात. आणि आम्ही घरच्याच माणसांनी ती दोन वर्षं पुसली. बायको मेली ती मेलीच, वरून तिचं मरणही मारलं.

साळा आला तेव्हा मी तो कागद त्याच्यापुढं धरला. "ह्याच्यात माही बायको दाखव."

"भाऊजी, तुमाले समजत नाही..."

"तुही बहीण होती. दाखव कुठं आहे."

तो म्हणाला, "मेलेल्या माणसासाठी जितीचं नुकसान करता का?" आणि उठून गेला. हेही अगदीच खोटं नव्हतं. म्हणूनच जास्त राग आला.

उमरखेडवाल्यांना मीच फोन लावला. म्हटलं, पोरीची आई कॅन्सरनं गेली, दोन वर्षं खाटेवर होती, पोरीनं केलं, या पाहायला. ते म्हणाले, कळवतो. कळवलं नाही. साळ्यानं बोलणं टाकलं. वावरात पऱ्हाटी उपटायला काढली होती, वेचण्यासारखं काही उरलंच नव्हतं. पोरीच्या हातात ना काम ना स्थळ. तिनं मला बोल लावला नाही. लावला असता तर बरं वाटलं असतं.

पुढं तिनं रेझ्युमे पुन्हा लिहिला. एक पानाचा. दोन वर्षांच्या जागी लिहिलं, आईची शुश्रूषा केली, आई वारली. बाकी काही सजवलं नाही. शेवटी लिहिलं की आधी आठ दिवसांचं काम देऊन पाहा, पटलं तर ठेवा. मला वाचून दाखवलं. मी म्हटलं, "ही तं तुह्या आईची पात झाली."

पुष्कळांना पाठवला. पुष्कळांनी उत्तर दिलं नाही. हे लिहिणं भाग आहे, नाहीतर वाचणाऱ्याला वाटेल की खरं लिहिलं की लगेच फळ येतं. येत नाही. पुरा उन्हाळा कोरडा गेला.

मग एकानं फोन केला. मूळचा नागपूरचा, हैदराबादेत शिकवण्या चालवणारा. तो म्हणाला, नागपूरचं ऑफिस तर बंद पडलंय, मग तुमच्या कामाबद्दल विचारू कोणाला? पोरगी म्हणाली, "शेवटचं काम घरीच केलं. बाबांना विचारा." आणि फोन माझ्या हातात दिला.

तो हसला. "काका, तुम्ही बाप. तुम्ही तारीफच करणार."

मी म्हटलं, "तारीफ करणारे आम्ही वापरून पाह्यले. पोरगी हट्टी आहे. बोलते कमी. सैपाकात मीठ जास्त घालते."

"आणि ती दोन वर्षं?"

आता काय सांगावं? मी सांगितलं ते असं, "माह्या बायकोले कधी काय लागंन, हे बायकोच्या आधी इले समजे. एक गोळी चुकली नाही, एक तारीख चुकली नाही. तरी बायको मेली. त्याच्यात पोरीचा दोष नाही. तुम्हाले पाहायचं असंन तं आठ दिवस काम द्या आणि तळापासून हात घालून पाहा. वरवर पाहू नका."

तो म्हणाला, "द्या तिला फोन."

आठ दिवसांचे पंधरा झाले, मग महिना. अजून चालू आहे. कागदानं काम मिळालं, की पातीनं, की माझ्या तोंडानं, ते मला सांगता येत नाही. लोक मला विचारतात, पोरीला असं काम करायचं आहे, रेझ्युमे बनवू का? मी म्हणतो, बनवा. मागतात लोक. पण त्यात तुमच्या घरचं माणूस मेलं असेल तर मेलेलं लिहा.

त्या फोनच्या दिवशी पोरगी दारात उभी राहून म्हणाली, "बाबा, मिठाचं सांगाची काय गरज होती?"

"खोटं होतं का?"

"मग घरात काहून नाही बोलले इतके दिवस?"

काहून, ते मला माहीत होतं. तिलाही होतं.

संध्याकाळी जेवायला बसलो. वरणात मीठ बरोबर होतं, जसं चारचौघांच्या घरी असतं तसं. पोरगी खाली मान घालून जेवत होती. दोन घास खाल्ले. मग मी मिठाची वाटी ओढली आणि वरून थोडं घातलं. तिनं पाहिलं, आणि वाटीसाठी हात पुढं केला.