पोह्यांतला तांबडा धागा

हे मी आजवर कोणालाही सांगितलेले नाही. पत्नीला नाही, आमच्या फुलपाखरू मंडळातल्या एकाही सभासदाला नाही. सहा पावसाळे झाले. तुम्हाला सांगतो आहे, कारण तुम्ही ते पोहे खाल्लेले नाहीत.

प्रथम माझ्याविषयी — थोडक्यात. रेल्वेच्या सिग्नल खात्यात मी छत्तीस वर्षे काढली. तिथे जे दिसले तेच लिहायचे असते. जे वाटले ते नाही. निवृत्त होऊन लोणावळ्यात स्थायिक झालो आणि मंडळाची नोंदवही माझ्याकडे आली. मी ती घेतली, असे म्हणणे अधिक खरे. नियमही मीच केले. ज्या डहाळीवर अंडी किंवा अळी दिसेल, तिला तांबडा धागा बांधावा. मग तिला कोणीही हात लावू नये. आणि वहीत स्वतःच्या नावाने नोंद करण्याचा मान, एक पावसाळा अचूक निरीक्षण करून दाखवील त्यालाच. नियम जाचक आहेत, असे लोक कुजबुजत. मला ते ऐकायला आवडे — का नाकारू?

मंडळ म्हणजे पंधरा-सोळा माणसे. रविवारी सकाळी माझ्या घरी जमायचे, मग कधी धरणाच्या काठाने, कधी आंदर मावळात पायपीट करायची. वाटेत पर्यटक धबधब्याचा रस्ता विचारतात. आम्ही तेव्हा रुईच्या पानाखाली डोके घालून अळ्या मोजत असतो. ते आमचाच फोटो काढून पुढे जातात. निघण्यापूर्वी कांदेपोहे असतात. ते मी करतो. माझ्या पोह्यांना आजवर कोणी नावे ठेवलेली नाहीत.

कढीपत्ता माझ्याकडे दोन ठिकाणी आहे. दारापुढच्या कुंडीतला पोह्यांसाठी. परसातला मंडळाने लावलेला — बहुरूपी नावाच्या काळ्या फुलपाखरासाठी, ज्याच्या अळ्या ही पाने खातात. हा फरक सभासदांना मीच बजावून सांगत असे. एकदा मंडळातल्याच जोशींनी परसातले एक पान चुरगळून हुंगले, तेव्हा मी त्यांना चार माणसांत सुनावले होते.

आता हौसाबाई. त्या वडिवळ्याच्या, भातशेती करणाऱ्या. मंडळात सारे त्यांना मावशी म्हणतात. मी हौसाबाई म्हणतो, त्या मला आबा. कामशेतपर्यंत चालत येऊन पुढे गाडी पकडत. पुस्तकातली नावे त्यांना ठाऊक नव्हती, पण कोणती अळी कोणत्या पाल्यावर सापडेल, हे त्या लांबून सांगत. पावसाळाभर मी त्यांची परीक्षा घेतली. एकही चूक सापडली नाही. मी शोधली होती.

पुढच्या वर्षी, भाद्रपदातल्या एका शनिवारी त्यांना परसातल्या कढीपत्त्यावर चार अंडी दिसली. पिवळसर, मोहरीएवढी. त्यांनी स्वतः धागा बांधला आणि मला येऊन सांगितले. त्यांच्या नावाने पहिली नोंद मी केली. त्यांनी विचारले, "माजं नाव कुटं हाय?" मी दाखवले. अक्षरांखाली बोट धरून त्यांनी ते सावकाश वाचले आणि त्या गाडीला गेल्या.

रविवारी पहाटे पाऊस होता. कुंडीतला कढीपत्ता संपलेला. मी परसात गेलो — चष्मा न लावता — आणि हाताला लागली ती कोवळी डहाळी मोडून आणली. पाने ओरबाडून फोडणीत टाकली. मोहरी तडतडली. आणखी काय काय तडतडले, ते तेव्हा कळले नाही.

सर्वांनी पोहे वाखाणले. मी माझी बशी शेवटी घेतली. तिसऱ्या घासाला दातांत काहीतरी अडकले. ओढून पाहिले. तांबडा धागा.

त्याच वेळी हौसाबाई साऱ्यांना परसात नेत होत्या, आपली अंडी दाखवायला.

तुम्ही काय केले असते? — नको, ते राहू द्या. मी काय केले, ते सांगतो. धागा खिशात टाकला आणि त्यांच्या मागे गेलो. त्या झाडाभोवती फिरत होत्या. धागा नाही, अंडी नाहीत. "हितंच व्हती, आबा. चार व्हती. मी काय न्हाई ते व्हय म्हननारी बाई न्हाई." जोशी म्हणाले, "मावशी, आबांनी पोह्यात तर नाही ना घातली?" सारे हसले. मीही हसलो, सर्वांपेक्षा मोठ्याने. मी हसलो, याचे मंडळात आजही कौतुक होते. जोशी अंड्याचा केकसुद्धा खात नाहीत. त्यांनी पोहे दोनदा घेतले होते.

मग मी बोललो. शांतपणे, त्या सोळा जणांसमोर. "हौसाबाई, पावसाचे थेंब पाहिले असतील तुम्ही. वय झाले की नजर फसते. धागाही बांधायचा राहिला असेल."

माझ्या खिशात तो ओला होता, तेलकट होता.

त्यांनी आणखी एक डहाळी उलटून पाहिली. मग म्हणाल्या, "आसंल. माजेच डोळं फसलं आसतील." मी वही आणली आणि पट्टी लावून त्यांची नोंद खोडली. रेघ सरळ आली. शेजारी लिहिले — निरीक्षण संशयास्पद.

पुढच्या रविवारी त्या चष्मा लावून आल्या. डॉक्टर म्हणाले होते, लांबचे उत्तम दिसते; जवळच्यासाठी हवा तर लावा. त्या लांबचेही चष्म्यातूनच पाहतात, आणि ठेच लागली की चष्म्याला शिव्या देतात. आज त्या मंडळातल्या सर्वांत तरबेज निरीक्षक आहेत. नवे सभासद त्यांच्याच हाताखाली शिकतात. पण त्यांची प्रत्येक नोंद एकाच वाक्याने संपते, "चष्मा लावून बघितलं, आबा." सहा पावसाळे मी ते ऐकतो आणि मान डोलावतो.

चष्मा कोणी लावायला हवा होता?

काल ते जुने पान काढले. खोडलेल्या नोंदीखाली लिहिले — अंडी चार. पाहिली हौसाबाईंनी; निरीक्षण अचूक. नष्ट केली मी, पोह्यांसाठी, चष्मा न लावता. खोटे बोललो तेही मीच. खाली सही केली आणि धागा चिकटवला. त्याचा रंग अजून टिकून आहे.

उद्या रविवार. वही नेहमीच्या टेबलावर ठेवली आहे, त्या पानावर उघडून. हौसाबाई आल्या की आधी वही पाहतात. पोहे उद्या जोशी करणार आहेत.