तरोट्याचा बाजार

अंजनाच्या चुलीवर तरोटा शिजून राह्यला, घर बहात्तरच्या दुष्काळावर गेलं, अशी बातमी शेलूबाजारच्या आमच्या गल्लीत नळाला पाणी यायच्या आधी पोचली. बातमी अर्धीच खरी. शेताच्या धुऱ्यावर आपोआप उगवणारी ती रानभाजी घरात आली होती, चांगली पोतंभर आली होती. पण शिजली नव्हती. अंजनानं ती विकायला खुडली होती.

झालं असं, की बारा दिवस पावसाची झडी थांबली नाही आणि वाफ्यातली मेथी, पालक, सांबार म्हणजे कोथिंबीर, सगळं सडलं. दोन आठवडी बाजार तिची जागा रिकामी राहिली. पंधरा वर्षं ती चिंचेखाली बसते, पण जागेला कागद नाही. जो बसेल त्याची. शेजारचा कांदेवाला प्रेमसिंग दर बाजाराला ढीग हातभर इकडे सरकवायचा आणि वरून सांगायचा, भाभी, तुमचीच जागा राखून राह्यलो. तिसरा बाजार चुकला की चिंच प्रेमसिंगची, हे अंजनाला पक्कं ठाऊक होतं. आणि शेतात हिरवं म्हणावं असं उरलं होतं काय, तर तरोटा.

सासू पोतं पाहून ओसरीतच बसली. बहात्तर साली ती नवी नवरी होती. दिवसभर खडी फोडायची आणि दोन्ही वेळा तरोटा, तोही बिनतेलाचा. तेव्हापासून ही भाजी तिनं उंबऱ्याच्या आत येऊ दिली नव्हती.

“आमी लपून खात होतो,” ती म्हणाली, “तू तं चारचौघात मांडाले निघाली.”

दोघींच्या मधे सापडला की अंजनाचा नवरा हिरालाल विहिरीवरची मोटर पाहायला जातो. झडीत मोटर कोण चालवतं? तरी गेला.

बाजारात अंजनानं पोतं सरळ प्रेमसिंगच्या कांद्यांवर टेकवलं. त्यानं ढीग मागे ओढला. तिनं जुड्या बांधल्या, पाणी शिंपडलं. आधी शाळेतल्या मॅडम आल्या, मग बँकेतल्या, मग रांगच लागली. तरोटा तब्येतीला चांगला, असं कोणीतरी मोबाइलवर सांगितलं होतं म्हणे. दुपारच्या चहाआधी पोतं झटकून झालं. शेवटची जुडी प्रेमसिंगनंच मागून नेली.

घरी आली तर सासू अजून ओसरीतच. हा दुष्काळाचा पाला घेते तरी कोण, असं तिनं विचारलं.

रिकामं पोतं घडी करत अंजना म्हणाली, “आत्याबाई, तुमचा दुष्काळ आता लोकायले रांगेत उभं राहून घ्या लागते.”